गिट स्टेटस काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेदाणा शीतगृहाच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून लिहिता. एक लॅपटॉप मिरजेत घरी असतो, दुसरं मशीन सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसात. कोडच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवायला तुम्ही गिट हे सॉफ्टवेअर वापरता, आणि काय बदललंय ते सांगणाऱ्या त्याच्या ‘स्टेटस’ या आज्ञेबद्दल तीन तक्रारी आहेत: एकच फाईल हिरव्या आणि लाल अशा दोन्ही यादीत दिसते, काल मिरजेत केलेलं काम ऑफिसात सापडत नाही, तरी गिट ‘अप टू डेट’ म्हणतं, आणि मराठी नावाच्या फायलींच्या जागी नुसत्या आकड्यांची रांग दिसते.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. स्टेटस हा फायलींच्या तब्येतीचा दाखला आहे असं समजून आपण तो वाचतो. प्रत्यक्षात तो दोन तुलनांचा निकाल असतो. कशाची कशाशी तुलना झाली हे डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात बसून मी बरीच वर्षं बिलिंगची कामं केली, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. दिवाणजींच्या समोर टेबलावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या पसरलेल्या असतात. पोती, वजन, दर, तोलाई, हमाली यांत खाडाखोड चालूच असते. हे टेबल म्हणजे वर्किंग ट्री. एखादी पट्टी पक्की वाटली की तिची कार्बन कॉपी ते बाजूच्या ट्रेमध्ये ठेवतात. तो ट्रे म्हणजे इंडेक्स, म्हणजेच स्टेजिंग. संध्याकाळी ट्रेमध्ये जे असेल ते बांधीव खतावणीत चढतं, ते कमिट. खतावणीचं शेवटचं पान म्हणजे हेड.

ट्रेमध्ये पट्टी जात नाही, कॉपी जाते. हेच लोकांच्या लक्षात राहत नाही. कॉपी ठेवल्यानंतर दिवाणजींनी टेबलावरच्या पट्टीत दर बदलला तरी ट्रेमधल्या कॉपीत जुनाच दर राहतो. संध्याकाळी खतावणीत जाईल तोही जुनाच.

तुमच्या फाईलचं नेमकं हेच झालंय. तुम्ही गिट अ‍ॅड केलं, मग त्याच फाईलमध्ये आणखी चार ओळी लिहिल्या. स्टेटसने पहिल्यांदा ट्रे आणि खतावणी ताडून पाहिली. फरक दिसला, म्हणून फाईल हिरव्यात, ‘चेंजेस टू बी कमिटेड’खाली आली. मग टेबल आणि ट्रे ताडून पाहिले. तिथेही फरक, म्हणून तीच फाईल लाल रंगात, ‘चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट’खाली. यात विरोधाभास काहीच नाही. आत्ता कमिट केलंत तर त्या चार ओळी मागे राहतील. पुन्हा अ‍ॅड करा, लाल नोंद जाईल.

कोणत्या ओळी कुठे आहेत ते पाहायचं असेल तर नुसतं गिट डिफ टेबल आणि ट्रेमधला फरक दाखवतं, तर गिट डिफ --स्टेज्ड ट्रे आणि खतावणीतला. नुसतं गिट डिफ रिकामं आलं म्हणून ‘बदल गेले कुठे?’ असा घाबरून फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो. गेलेले नसतात. अ‍ॅड केलेले असतात.

मला स्वतःला लांबलचक स्टेटसपेक्षा आखूड बरं वाटतं. गिट स्टेटस डॅश एसबी असं लिहिलं की पहिल्या ओळीत ब्रँचचं, म्हणजे कामाच्या चालू फांदीचं, नाव येतं आणि पुढे प्रत्येक फाईलला एक ओळ, सुरुवातीला दोन अक्षरांची जागा. डावी जागा ट्रे विरुद्ध खतावणी, उजवी जागा टेबल विरुद्ध ट्रे. डावीकडे एम आणि उजवीकडे रिकामं म्हणजे बदल पूर्ण स्टेज झालेला. डावीकडे रिकामं, उजवीकडे एम म्हणजे अजून टेबलावरच. दोन्हीकडे एम म्हणजे तुमची आत्ताची फाईल. ए म्हणजे नवी, डी म्हणजे काढलेली, आर म्हणजे नाव बदललेली. दोन प्रश्नचिन्हं असतील तर गिटच्या हिशोबी ती फाईल अनोळखी आहे, म्हणजे अनट्रॅक्ड. आठवडाभर हाच प्रकार वापरलात तर तीन जागांचं गणित आपोआप अंगवळणी पडेल.

लांब स्टेटसमध्ये प्रत्येक यादीवर कंसात सल्ला छापलेला असतो, त्याबद्दल सावध करतो. हिरव्या यादीवर गिट रिस्टोर --स्टेज्ड सुचवलेलं असतं, लाल यादीवर नुसतं गिट रिस्टोर. दिसायला फरक एका शब्दाचा. पहिल्याने ट्रेमधली कॉपी फक्त मागे घेतली जाते, टेबलावरच्या पट्टीला हात लागत नाही. दुसऱ्याने टेबलावरची पट्टी फाडून तिच्या जागी ट्रेमधली कॉपी ठेवली जाते. फाडलेलं गिटमध्ये कुठेच नोंदलेलं नसतं, त्यामुळे रिफ्लॉग (हेड कुठे कुठे होतं याची गिटची नोंद) वगैरे कोणताही जादूटोणा कामाला येत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीआधी ‘यादी साफ करू’ म्हणून लाल यादीवरची आज्ञा जशीच्या तशी, पुढे टिंब देऊन चालवली. सकाळपासूनचं काम गेलं. एडिटरमध्ये एक फाईल उघडी होती म्हणून अनडू दाबत ती तेवढी परत मिळाली. रिस्टोर ही आज्ञा २०१९ साली गिट २.२३ मध्ये आली. त्याआधी चेकआउट हेच काम करायचं आणि तेही तितकंच धोकादायक होतं. लाल यादी नकोशी झाली असेल तर आधी गिट स्टॅश करा, म्हणजे बदल फेकले न जाता बाजूला ठेवले जातात. फेकायचं की नाही ते चहा झाल्यावर ठरवा.

आता ‘अप टू डेट’कडे येतो. माझ्या मते तिघांत हीच तक्रार महत्त्वाची.

जुलै-ऑगस्टात सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती?’ हा असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण काल रात्री मोबाइलवर आलेला आकडा बघून आज सकाळी कोणी गाडी नदीकाठी लावत नाही, कारण आकडा कधीचा आहे हे आपण आधी विचारतो. गिटला हे आपण विचारत नाही. ‘युवर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन’ या वाक्यातलं ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हर नव्हे. शेवटचं फेच (सर्व्हरवरचं नवं नुसतं आणणं), पुल (आणून आपल्या कामात मिसळणं) किंवा पुश (आपलं सर्व्हरवर पाठवणं) केलं तेव्हा सर्व्हरवर जे होतं त्याची तुमच्या मशीनवरची आठवण म्हणजे ओरिजिन/मेन. स्टेटस नेटवर्कवर जातच नाही. इंटरनेटची वायर काढून ठेवा, ते तितक्याच आत्मविश्वासाने ‘अप टू डेट’ म्हणेल.

हे मुद्दाम असं ठेवलंय. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहिलं, तेव्हा प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असावा आणि रोजच्या कामाला सर्व्हरची वाट पाहावी लागू नये हाच हेतू होता. माझ्यासारखे सबव्हर्जन या जुन्या, तशाच कामाच्या सॉफ्टवेअरवरून आलेले लोक इथे जास्त फसतात. तिथेही साधं स्टेटस स्थानिकच होतं, पण डॅश यू लावलं की ते सर्व्हरला विचारायचं आणि मागे पडलेल्या फाईलसमोर चांदणी काढायचं. गिटच्या स्टेटसला ते जमत नाही. गिटमध्येही डॅश यू आहे, पण त्याचा अर्थ भलताच, अनट्रॅक्ड फायली किती दाखवायच्या असा आहे. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी गिट फेच, मग गिट स्टेटस. फेच तुमच्या टेबलाला, ट्रेला, खतावणीला हात लावत नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

फेच केल्यावरही मिरजेचं काम दिसलं नाही तर? मग ते मिरजेहून निघालेलंच नाही. तिथल्या मशीनवर स्टेटस ‘अहेड’ म्हणत असेल आणि पुढे कमिटची संख्या देत असेल, तर कमिट झालंय पण पुश राहिलंय. ‘अहेड’ नाही, ‘बिहाइंड’ नाही, ‘अप टू डेट’ही नाही, ब्रँचच्या नावाखाली ती ओळच नाही असं असेल तर त्या ब्रँचला अपस्ट्रीम (सर्व्हरवरची जोडीची ब्रँच) जोडलेलं नाही. तुलना करायला समोर कोणी नाही, म्हणून गिट गप्प. ही शांतता लोक ‘सगळं ठीक’ अशी वाचतात. घाईत नवी ब्रँच काढून त्यावर काम केलं की हे हमखास होतं. गिट ब्रँच डॅश व्हीव्ही चालवलं की कोणत्या ब्रँचसमोर चौकटी कंसात रिमोटचं नाव आहे आणि कोणती अनाथ आहे ते एका नजरेत कळतं.

आणखी एक शक्यता: मिरजेत नवी फाईल तयार केली आणि कमिट डॅश ए एम वापरलं. त्यातला ए फक्त आधीपासून ओळखीच्या फायलींचे बदल आणि काढलेल्या फायली उचलतो. प्रश्नचिन्हवाल्या नव्या फायली जागेवरच राहतात. कोड कमिट, पुश, सगळं झालं, आणि समोरच्या मशीनवर ‘मॉड्यूल सापडत नाही’. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे बहुतेक वेळा अशी एखादी फाईल असते. त्यात स्टेटस अनट्रॅक्ड फोल्डरचं फक्त नाव दाखवतं, आतल्या फायली उलगडत नाही. फोल्डरच्या पोटात काय आहे ते बघायला डॅश यूऑल लावा. रिकामं फोल्डर तर गिटला दिसतच नाही, ते फोल्डर ठेवत नाही, फायलीच ठेवतं.

मराठी नावांचं कोडं मला व्यक्तिशः आवडतं. आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी संचाबाहेरची अक्षरं गिट आपणहून बाइटच्या ऑक्टल (आठच्या पायाच्या) आकड्यांत छापतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणून ‘सातारा’ नावाच्या फाईलची सुरुवात ३४०, २४४, २७० अशी दिसते. हे तीन आकडे म्हणजे एकटा ‘स’. तिकडी ३४० २४४ किंवा ३४० २४५ ने सुरू झाली की समजा देवनागरी आहे. फाईल बिघडलेली नाही. गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स एवढं एकदा केलं की नावं वाचता येतात.

पण हे आकडे विसरू नका, एके दिवशी कामाला येतील. एका ग्राहकाकडे ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची सीएसव्ही होती. स्टेटस तीच फाईल एकदा डी आणि एकदा दोन प्रश्नचिन्हं अशी दाखवायचं, म्हणजे काढलीय पण आणि नवीन आलीय पण. नावं अक्षर न् अक्षर सारखी. अर्धा दिवस गेला. शेवटी कोटपाथ परत चालू केलं आणि चोर सापडला. आपलं ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतं. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलंत, मग ‘य’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलंत, मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ‘य’. छापल्यावर दोन्ही सारखेच. आकड्यांत मात्र पहिल्यात ३४० २४४ २६१ दिसतं, दुसऱ्यात २६० आणि थोडं पुढे ३४२ २०० २१५ हा जॉइनर. दुकानातल्या दोन मशीनवर दोन वेगळे मराठी कीबोर्ड होते, एवढंच कारण. तेव्हापासून माझ्या प्रकल्पात फायलींची नावं रोमन आणि आतला मजकूर मराठी असा नियम आहे. भाषाभिमान्यांनी रागावू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विंडोज आणि उबुंटू अशी दोन मशीन आहेत असं लिहिलंय म्हणून सांगतो. पेनड्राइव्हवरून फोल्डर आणला आणि काहीही न करता सगळ्याच फायली लाल झाल्या, असा दिवस तुमच्याकडे येणार आहे. त्या दिवशी रिस्टोरही करू नका आणि अ‍ॅडही करू नका. आधी गिट डिफ बघा. मजकूर तोच पण प्रत्येक ओळ बदललेली दिसते, तर तो ओळीच्या शेवटच्या खुणेचा वाद. विंडोज दोन चिन्हं लिहितं, लिनक्स एक. गिट एलएस-फाइल्स --ईओएल चालवलं की इंडेक्समध्ये कोणती खूण आहे आणि टेबलावर कोणती, हे शेजारी-शेजारी दिसतं. औषध म्हणजे रेपॉझिटरीत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाईल ठेवून त्यात सगळ्या फायलींना टेक्स्ट=ऑटो लावायचं आणि एकदा अ‍ॅड --रीनॉर्मलाइज करून त्याचा वेगळा कमिट करायचा. डिफमध्ये मजकूर शून्य आणि फक्त १००६४४ चं १००७५५ झालेलं दिसलं, तर पेनड्राइव्हच्या फाइल सिस्टिममुळे परवानग्यांचा घोळ झालाय. त्या मशीनवर कोअर.फाइलमोड फॉल्स करा. अशा कॉपीनंतरचं पहिलं स्टेटस रेंगाळेल, ते चालायचंच. एरवी फाईलचा आकार आणि वेळ इंडेक्समधल्या नोंदीशी जुळली की गिट ती उघडतही नाही. कॉपीनंतर सगळ्या वेळा बदललेल्या असतात, म्हणून प्रत्येक फाईल वाचून खात्री करावी लागते.

आता स्टेटस कशाबद्दल बोलतच नाही ते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गणपती पेठेतल्या एका ग्राहकाच्या तळमजल्यावरच्या दुकानात माझं काम चालू होतं, त्यांच्याच मशीनवर. वाईट सवय. आदल्या आठवड्यात निघताना स्टेटस पाहिलं होतं: ‘नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन’. पुशही केलं होतं. मशीन गाळात गेलं तरी मी निर्धास्त होतो, आणि कोड खरोखर सगळा मिळाला. गेली ती प्रिंटरची आणि दरांची सेटिंगची फाईल, जी मीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींच्या यादीत घातली होती. आणि गेले दोन स्टॅश, ज्यांत जीएसटीच्या एका अहवालाचं अर्धं काम होतं. स्टेटस खोटं बोललं नव्हतं. इग्नोर केलेल्या फायली ते मोजत नाही, स्टॅश ते दाखवत नाही, आणि पुशबरोबर यातलं काहीच जात नाही.

म्हणून आता मी आखूड स्टेटसला --इग्नोर्ड लावून महिन्यातून एकदा बघतो, दोन उद्गारचिन्हांच्या ओळी येतात त्या डोळ्यांखालून घालतो, आणि स्टेटस.शोस्टॅश ट्रू करून ठेवलंय, म्हणजे लांब स्टेटसच्या शेवटी स्टॅशची संख्या येते. एखादी फाईल का दिसत नाही हे कळत नसेल तर गिट चेक-इग्नोर डॅश व्ही त्या फाईलचं नाव देऊन चालवा, कोणत्या फाईलमधल्या कितव्या ओळीचा नियम आडवा आला ते सांगतं. उलटही लक्षात ठेवा: आधीच ट्रॅक होत असलेली फाईल गिटइग्नोरमध्ये नंतर लिहून उपयोग नाही, ती लाल होतच राहील. तिला गिट आरएम --कॅश्ड करून आधी बाहेर काढावं लागतं. हा कमिट मित्राने पुल केला की त्याच्या मशीनवरची प्रत मात्र खरोखर डिलीट होते, तेव्हा त्याला आधी कॉपी करून ठेवायला सांगा.

आणखी एक लपलेली जागा आहे. कुणीतरी ‘ही फाईल स्टेटसमध्ये दिसायला नको’ म्हणून अझ्यूम-अनचेंज्ड किंवा स्किप-वर्कट्री लावून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. गिट एलएस-फाइल्स डॅश व्ही मध्ये ओळीच्या सुरुवातीला छोट्या लिपीतला एच असेल तर पहिला प्रकार, मोठा एस असेल तर दुसरा.

मर्जच्या, म्हणजे दोघांचं काम एकत्र करतानाच्या भांडणात आखूड स्टेटसमध्ये दोन यू दिसले तर तीच ओळ दोघांनी बदललीय. फाईल नीट करून अ‍ॅड केली की स्टेटस शांत होतं, पण तुम्ही खरंच नीट केलीत का हे ते तपासत नाही. भांडणाची जागा दाखवायला गिटने घातलेल्या बाणांच्या खुणा आत राहिल्या तरी अ‍ॅड चालतं. अ‍ॅडच्या आधी गिट डिफ --चेक चालवा, राहिलेल्या खुणा ते ओळ क्रमांकासकट दाखवतं.

तुमच्या मित्राने रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये स्टेटसच्या वाक्यातला शब्द शोधायचा घाट घातलाय असं दिसतं. ते नको. ही वाक्यं माणसांसाठी आहेत आणि बदलतात. पूर्वी शेवटी ‘वर्किंग डिरेक्टरी क्लीन’ यायचं, नंतर त्याचं ‘वर्किंग ट्री क्लीन’ झालं, आणि माझी एक स्क्रिप्ट त्या दिवसापासून रोज ‘बदल बाकी आहेत’ असा मेल पाठवू लागली. स्क्रिप्टसाठी --पोर्सिलेन आहे, त्याचा साचा आवृत्तीगणिक बदलत नाही. आउटपुट रिकामं आलं तर ट्रॅक केलेलं सगळं कमिट झालंय आणि अनोळखी काही नाही. नावांत स्पेस किंवा मराठी असेल तर जोडीला डॅश झेड द्या, मग नावं कच्च्या स्वरूपात, आकड्यांशिवाय येतात.

आज संध्याकाळी मिरजेला गेलात की त्या लॅपटॉपवर काहीही कमिट किंवा पुल करण्याआधी फेच करा, मग स्टेटस डॅश एसबी आणि ब्रँच डॅश व्हीव्ही. पहिल्या ओळीत ‘अहेड’ असेल तर पुश करा आणि ऑफिसात उद्या पुल करा. ‘अहेड’ नसेल आणि प्रश्नचिन्हंही नसतील, तर त्या दोन्ही आज्ञांचं आउटपुट आणि गिट स्टॅश लिस्ट मला पाठवा. काम बहुधा स्टॅशमध्ये निघेल.